वॉरफरिन
वॉरफरिन : रक्तात घातक गुठळ्या होऊ नयेत म्हणून तोंडाने घ्यायचे क्लथनरोधी औषध. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावत. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक व सहकाऱ्यांनी त्या गवतातून रक्तस्राव घडवणारे द्रव्य, डायकुमारॉल, वेगळे केले. पुढील संशोधनातून वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून आलेले हे द्रव्य १९५४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. ते यकृतातील जीवनसत्त्व के-चे पुनरुज्जीवन रोखते. त्यामुळे २, ७, ९ व १० हे क्लथन-घटक निष्प्रभ राहतात. रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर चाचणी वारंवार करून मात्रा ठरवतात. जीवनसत्त्व के असलेल्या पालक, मेथी या भाज्या वर्ज्य नाहीत, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. औषध घेताना हिरड्यांतून रक्त किंवा काळे शौच अशी रक्तस्रावाची लक्षणे दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.