नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या कुठल्याही नाक्यावर जा, पेटीवर 'रत्नागिरी हापूस' छापलेलं दिसणारच. आतला आंबा रत्नागिरीच्या बागेतला की कर्नाटकातून आलेला, हे पेटी सांगत नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हीच तर डोकेदुखी होती.

फाइलचंही डिट्टो तसंच. 'सेटअप' असं नाव दिलं की आत काहीही भरा. मग फाइल ओळखायची कशी? आमच्या धंद्यातलं उत्तर म्हणजे हॅश. अख्खी फाइल एका गणिती चरकातून काढायची, बाहेर ठरावीक लांबीचा आकडा पडतो. फाइल २ केबीची असो नाहीतर ४ जीबीची, एसएचए-२५६ चा हॅश ६४ अक्षरांचाच. फाइलचं नाव बदललं तरी हॅश तोच. आतला एक बिट बदलला की हॅश पार वेगळा!

रोनाल्ड रिव्हेस्टने एमडी५ बनवलं १९९१ साली, आणि १९९५ मध्ये एसएचए-१ आलं. त्याच सुमारास आपल्या पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे बंधू क्विक हील घडवत होते. तेव्हाचे अँटीव्हायरस मुख्यतः व्हायरसच्या कोडचा ओळखीचा तुकडा फाइलमध्ये शोधायचे. म्हणजे पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेले गुन्हेगारांचे फोटोच म्हणा ना.

अमेरिकेतल्या 'निस्ट' या संस्थेने उलटा विचार केला. जप्त केलेल्या हार्डडिस्कवर लाखो फाइली असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा विंडोज, ऑफिस वगैरेंच्या. त्या उघडून बघण्यात तपास अधिकाऱ्याने आयुष्य का घालवावं? म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर गोळा करून त्यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश काढला आणि यादी केली. हीच 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी'. हॅश जुळला की फाइल बाजूला, उरेल ते तपासा. पण गंमत बघा, या यादीत हॅकिंगची हत्यारंसुद्धा आहेत. कारण ही यादी 'ओळखीच्यांची' आहे, 'चांगल्यांची' नव्हे. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

२००४ साली श्याओयुन वांग यांच्या चमूने एकच एमडी५ हॅश असलेल्या वेगवेगळ्या फाइली बनवता येतात हे दाखवलं. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने एसएचए-१ ची तीच गत केली. लगेच घाबरू नका. दुसऱ्याच्या तयार फाइलशी जुळणारी नकली फाइल बनवणं अजूनही आवाक्याबाहेर आहे. पण पॅकेज बनवणाराच लबाड असेल, तर तो एक साळसूद आणि एक विषारी अशी जुळी भावंडं जन्माला घालू शकतो. म्हणून आता एसएचए-२५६ वापरायचं.

गणित पक्कं असलं तरी माणसं आहेतच. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या साइटवर घुसलेल्या हॅकरने डाउनलोडची लिंक बदलली आणि शेजारचा हॅशही बदलला. पेटी नकली, शिक्काही नकली, दोन्ही एकाच दुकानात! मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजचं प्रकरण त्याहून वाईट. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा होता, आणि तो ठेवला होता प्रकल्पाच्याच एका विश्वासू सांभाळकर्त्याने. हॅश तंतोतंत जुळत होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून चोरी पकडली गेली.

हे सगळं आपल्या दारातही आलंय बरं का. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहायचा असतो. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातही तोच नमुना. पर्यायांमध्ये एमडी५ आणि एसएचए-१ अजून आहेतच! पण मला त्याहून मोठा वाटतो तो वेळेचा प्रश्न. लॅपटॉप जप्त केल्याक्षणी हॅश घेतला, तर त्यानंतर काही बदललं नाही हे दाखवता येतं. महिनाभराने घेतला, तर मधल्या महिन्याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. कुणाचा तरी जामीन त्या महिन्यावर अडकलेला असू शकतो.

तेव्हा यापुढे कुणी "हॅश जुळला" म्हणालं की दोन प्रश्न जरूर विचारा. कशाशी जुळला? आणि तो कुणी, कधी घेतला होता?