फॅमिन कोड मराठीत आला तेव्हा

कायदेविषयक साहाय्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३९-अ पासून सांगितला जातो. आम्हाला ती सुरुवात ऐंशी वर्षे मागे न्यावीशी वाटते. तीही एका भाषांतरापाशी.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’ तयार झाले. दुष्काळी कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, याचे ते नियम. मात्र ते अधिकाऱ्यांसाठी आणि इंग्रजीत लिहिलेले. ज्याच्या पोटाविषयी लिहिले, तो त्या मजकुराचा वाचक नव्हताच. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी व पुण्याच्या सार्वजनिक सभेने कोडातील तरतुदी मराठीत छापून वाटल्या. सभेची माणसे ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत गावोगाव जाऊन त्या समजावून देऊ लागली. सरकारचेच शब्द सरकारच्याच रयतेला वाचून दाखवले जात होते; बदलला होता तो वाचक. पण तेवढ्याने ‘मायबाप, दया करा’ म्हणणारा कुणबी ‘नियमाप्रमाणे द्या’ म्हणू शकत होता. सरकारला यात साराबंदीची चिथावणी दिसली आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. (भाषांतराला एवढी दाद क्वचितच मिळते!)

मात्र एक उणीव नजरेआड करता येत नाही. या चळवळीचा भर शेतसाऱ्याच्या सूट-तहकुबीवर होता, आणि ती मागायला जमीन नावावर असावी लागते. भूमिहीन मजुराचा कामावरचा हक्क कायद्यात यायला १९७७ उजाडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला: मागणीपासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, रोज किमान एक रुपया. येथे मजूर हा अर्जदार होता, याचक नव्हे. तरी भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्यांच्या हाती पडला. पंधरा दिवस मोजायचे तर पहिला दिवस सिद्ध व्हावा लागतो, आणि तो सिद्ध होतो तारीख घातलेल्या पोचपावतीने. निरक्षर मजुराने अर्ज दिला, कारकुनाने तो ठेवून घेतला, पोच दिलीच नाही, तर कायद्याच्या लेखी त्याने काही मागितलेच नाही. मजुरासोबत कचेरीत जाणाऱ्या जाणकाराचे खरे काम वादविवादाचे नसून हा चिठोरा हाती पडेपर्यंत तेथून न हलण्याचे होते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तर दिनांकित पोचेची अट थेट अनुसूचीतच लिहावी लागली.