पोर्शे ९११ : तेलासाठी जागा शोधण्याचा इतिहास

१/ भरधाव मोटार लांब वळणात शिरते तेव्हा आतली माणसे बाहेरच्या अंगाला रेटली जातात. इंजिनातील तेलाचेही तेच होते. साध्या मोटारीत तेल इंजिनाच्या तळाशी, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्यात, साठलेले असते आणि पंप ते तिथूनच ओढतो. तेल एका कडेला चढले की पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब कोसळतो आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग कोरडी पडतात. रोजच्या रस्त्यावर ही वेळ सहसा येत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र काही क्षण पुरतात.

२/ यावरचा उपाय ९११ पेक्षा जुना आहे. तळात तेल साठूच द्यायचे नाही. एका पंपाने ते उपसून स्वतंत्र टाकीत न्यायचे, दुसऱ्याने टाकीतून बेअरिंगपर्यंत पोहोचवायचे. ही ‘ड्राय संप’ रचना. १९५४ ची जॅग्वार डी-टाइप आणि पोर्शेची स्वतःची ५५० स्पायडर यांत ती होती. पण त्या गाड्या शर्यतीसाठीच जन्मलेल्या.

३/ ९११ तशी नव्हती. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावाने मांडली गेली; प्यूजो कंपनीच्या हरकतीमुळे पुढच्या वर्षी मधला शून्य गेला. ती घर ते कचेरी धावणारी मोटार होती, तरीही विक्रीस आलेल्या तिच्या २ लिटरच्या ६ सिलिंडरी इंजिनाला ड्राय संप मिळाला. उजव्या मागच्या चाकाजवळ तेलाची टाकी बसली. साध्या मोटारीत ४-५ लिटर तेल असते; इथे ते ९ लिटरच्या घरात गेले.

४/ एवढे तेल लागण्यामागे आणखी एक कारण होते. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. पंखा सिलिंडरांवर हवा मारतो. पण बेअरिंग, कॅमशाफ्ट, पिस्टनची खालची बाजू इथली उष्णता वाहून नेतो तो तेलाचा प्रवाहच. ‘एअर-कूल्ड’ हे बिरुद म्हणून अर्धेच खरे. इंजिनाला चिकटलेला छोटा ऑइल कूलर १३० अश्वशक्तीला पुरला. १९६९ च्या ९११ एसमध्ये ती १७० झाली, तेव्हा पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा कूलर आला. इंजिन गाडीच्या शेपटाला, कूलर तोंडाला, आणि दोहोंमध्ये गाडीच्या कडेने धावणाऱ्या लांबच लांब नळ्या!

५/ १९७२ च्या मॉडेलचा किस्सा सांगितलाच पाहिजे. वजनाचा तोल सुधारावा म्हणून टाकी मागच्या चाकाच्या पुढे सरकवली आणि तेल भरण्यासाठी उजव्या दरवाजामागे बाहेरच्या पत्र्यावरच झाकण दिले. पेट्रोलपंपावरच्या लोकांनी त्यातून पेट्रोल ओतले. पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी परतली. आज तेच झाकण असलेली गाडी संग्राहक हौसेने शोधतात.

६/ १९७३ च्या कॅरेरा आरएसआरने डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली आणि टार्गा फ्लोरिओही. तिच्या पुढच्या बंपरच्या मधोमध कूलरसाठी सरळ खिडकीच कापली होती. चाकाआडच्या कोंदट जागेपेक्षा समोरून घुसणारा वारा केव्हाही बरा. जुनी ९११ ट्रॅकवर नेणारे आजही हीच खिडकी कापतात, आणि मूळ पत्रा जपणारे त्यावर हळहळतात. दोघांचेही दुःख खरे आहे. पण बंपर बदलून परत बसवता येतो, मूळ क्रमांकाचे इंजिन फुटले तर दुसरे मिळत नाही.

७/ उष्णतेची खरी किंमत २.७ लिटरच्या इंजिनांनी मोजली. त्यांचे केसिंग मॅग्नेशियमचे : हलके, पण तापले की मऊ पडणारे. सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड त्यातून उपटून येऊ लागले. प्रदूषण रोखण्यासाठी थर्मल रिॲक्टर बसवलेल्या अमेरिकेतील गाड्यांना हा त्रास विशेष झाला. १९७८ च्या ९११ एससीला पुन्हा ॲल्युमिनियमचे केसिंग मिळाले.

८/ सर्वांत मोलाची सुधारणा मात्र बाहेरून दिसतच नाही. फेऱ्या वाढल्या की पंप गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो. उरलेले एका झडपेतून सोडून द्यावे लागते. जुन्या इंजिनांत ते क्रँककेसमध्येच पडे. म्हणजे उपसणाऱ्या पंपाला तेच तेल पुन्हा उपसावे लागे, आणि तोवर फिरता क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस करी. फेसाळ तेल बेअरिंगला सांभाळत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शेने ते तेल थेट पंपाच्या तोंडाशी परत नेले. जुन्या केसिंगमध्येही थोडे यंत्रकाम करून हा बदल होतो. इंजिन खोललेच असेल तर मोठा पंप आणि १९८४ च्या कॅरेरातील तेलाच्या दाबावर चालणारे चेन टेन्शनर हेही त्याच वेळी बसवून घेतात.

९/ यात एक चूक घातक ठरते. बेअरिंग गेले की धातूचा कीस टाकीत, कूलरमध्ये, त्या लांब नळ्यांत जाऊन बसतो. इंजिन नवे बांधले आणि नळ्या तशाच जोडल्या, तर पहिल्याच फेरीत तो कीस नव्या इंजिनाकडे परत निघतो. टाकी, नळ्या धुता येतात. कूलरच्या बारीक वाटांची खात्री देता येत नाही. जाणकार तो बदलतातच.

१०/ आणि नवख्यांची नेहमीची गफलत : या गाडीचे तेल सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचे. थंड, बंद इंजिनाची पट्टी कोरडी दिसू शकते, कारण टाकीतील तेल झिरपून खाली उतरलेले असते. घाबरून दोन लिटर जास्त ओतले, की ते एअर फिल्टरच्या वाटेने इंजिनात शिरते आणि गाडीमागे निळ्या धुराचा लोट उठतो.