एन्क्रुमा, डांक्वा आणि स्थानबद्धतेचा कायदा

दि. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी घानामधील न्सावाम येथील तुरुंगात डॉ. जोसेफ डांक्वा यांचे निधन झाले. त्यांच्यावर खटला चालला नव्हता. कोणत्याही न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले नव्हते. ज्यांच्या राजवटीने त्यांस तेथे ठेवले होते, त्या राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांना १९४७ साली लंडनहून मायदेशी बोलावणाऱ्या संस्थेचे डांक्वा हे एक संस्थापक होते. या दैवगतीच्या मुळाशी एक कायदा आहे, आणि त्याची जातकुळी आम्हां भारतीयांस परकी नाही.

१९४८ च्या दंगलींनंतर ब्रिटिशांनी सहा पुढाऱ्यांस अटक केली. त्यांत एन्क्रुमा होते, डांक्वा होते आणि एन्क्रुमांचे नाव सुचविणारे आको अजेईही होते. पुढच्याच वर्षी वाटा फुटल्या. एन्क्रुमांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

१९५८ साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. त्यान्वये कोणासही चौकशीविना पाच वर्षांपर्यंत डांबता येऊ लागले. अशांती प्रांतातील रक्तपाताची आठवण ताजी होती, नवे राज्य दुभंगेल ही भीती खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. भारतानेही १९५० साली असा कायदा केलाच होता. मात्र आपल्याकडे निदान सल्लागार मंडळाचा बांध होता.

या कायद्याविरुद्ध डांक्वा वकील म्हणून उभे राहिले. पदग्रहणाच्या वेळी राष्ट्राध्यक्षांनी नागरिकांच्या स्वातंत्र्याची जी ग्वाही दिली, ती त्यांस बंधनकारक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने १९६१ साली तो फेटाळला: ते बंधन नैतिक आहे, कायदेशीर नव्हे. त्याच वर्षी खुद्द डांक्वा प्रथम स्थानबद्ध झाले. १९६२ मध्ये ते सुटले.

त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी कुलुंगुगू येथे एन्क्रुमांवर बाँब फेकण्यात आला. संशयाची सुई त्यांच्या निकटवर्तीयांकडेच वळली आणि आको अजेई राजद्रोहाच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १९५८ चा कायदा झाला तेव्हा हेच अजेई मंत्रिमंडळात होते! डिसेंबर १९६३ मध्ये कोर्सांच्या न्यायासनाने त्यांस निर्दोष ठरविले. एन्क्रुमांनी कोर्सांनाच बडतर्फ केले, निकाल रद्द ठरविला आणि पुन्हा खटला भरून शिक्षा घडविली. जानेवारी १९६४ च्या सार्वमताने एकपक्षीय राज्यावर शिक्कामोर्तब झाले; सरकारी मोजणीप्रमाणे अनुकूल मते ९९ टक्क्यांहून अधिक. त्याच महिन्यात डांक्वा पुन्हा तुरुंगात गेले, ते परतले नाहीत.

एन्क्रुमांचे कर्तृत्व आम्ही लहान मानीत नाही. शाळा, रस्ते, वोल्टा नदीवरील अकोसोंबोचे धरण, आफ्रिकेच्या ऐक्याचा ध्यास ही त्यांची देणगी आहे. त्यांच्या जिवावर हल्ले झाले, हेही खरे. परंतु २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते परदेशी असताना लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा विरोध करण्यास संसद, न्यायालय वा दुसरा पक्ष यांपैकी काय उरले होते? तुरुंग रिकामे झाले, आणि थोड्याच दिवसांत एन्क्रुमांच्या अनुयायांनी भरले. नव्या सत्ताधीशांनीही चौकशीविना अटकेचाच मार्ग धरला. माणसे बदलली, कुलूप तेच राहिले. १९७२ साली बुखारेस्ट येथे एन्क्रुमांचा अंत परदेशातच झाला.

घानाला नावे ठेवून आम्हांस मोकळे होता येणार नाही. १९७६ साली आणीबाणीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांस न्यायालयाचे दार बंद असल्याचे म्हटले. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदविला. अजेई कायदा होताना सत्तेत होते, कोर्सांनी तो उचलून धरला. दोघांनाही त्याच सत्तेने पुढे झोडपले. असा कायदा होताना तो दुसऱ्यांसाठीच आहे, असे प्रत्येकास वाटते. शपथेतील वचन केवळ नैतिक आहे असे एकदा ठरले, की कोणाची पाळी केव्हा येईल, एवढाच प्रश्न उरतो.