साबणाशी वैर असलेला साबण

डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली जरा उजेडात धरून पाहा. लेबलावर बारीक अक्षरांत बहुधा ‘बेन्झाल्कोनियम क्लोराइड’ सापडेल. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइडही त्याच्याच घराण्यातलं. घराण्याचं नाव चतुर्थक अमोनियम संयुगं.

अमोनियातल्या नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. त्यांच्या जागी कार्बनी गट बसवून वर चौथाही जोडला, की नायट्रोजनवर कायमचा धनभार येतो. मग भोवती आम्ल असो वा अल्क, तो हटत नाही. हा चौथा गट जोडण्याची अभिक्रिया रशियाच्या मेन्शुत्किन यांनी १८९० मध्ये बारकाईने अभ्यासली. त्यांना कुतूहल होतं द्रावक बदलला की वेग किती बदलतो याचं. जंतूंशी देणंघेणं नव्हतं.

जंतूंकडे पाहिलं ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या जेकब्स आणि हायडेलबर्गर यांनी, १९१५-१६ च्या सुमारास. तरी खरा बोलबाला झाला १९३५ मध्ये, जर्मनीत. पहिल्या महायुद्धात जखमा सडताना पाहिलेल्या गेरहार्ड डोमाक यांनी ‘झेफिरोल’ पुढे आणलं, म्हणजे हेच बेन्झाल्कोनियम. त्याच वर्षी त्यांचं प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध गाजलं, नोबेलही त्यावरच मिळालं. झेफिरोल बिचारं झाकोळलं गेलं.

डोमाक यांच्या रेणूची खुबी शेपटीत होती. जंतूच्या पटलावर ऋणभार असतो, त्यामुळे धनभारित डोकं तिथे ओढलं जातं. मग बारा ते सोळा कार्बनांची तेलकट शेपटी पटलात घुसते, पटल गळू लागतं, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि जंतू मरतो.

साबणाची रचनाही अशीच, फक्त भार उलटा. म्हणून दोघे भेटले की एकमेकांना निकामी करतात. साबणाने हात धुऊन नीट न खळबळता हे औषध लावलं, तर ते वाया गेलंच म्हणून समजा. कापूसही त्याला शोषून घेतो. पूर्वी इस्पितळांत कापसाचे बोळे याच द्रावणात बुडवून ठेवत. द्रावण दुबळं व्हायचं आणि त्यात स्यूडोमोनास जातीचे जंतू चक्क वाढायचे. अशा साठवणीतून रक्तात संसर्ग पोचल्याची नोंद १९५८ मध्ये अमेरिकेत झाली. बीजाणू तर याला मुळीच जुमानत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेची अवजारं ऑटोक्लेव्हसारख्या उपकरणात निर्जंतुक करावी लागतात.