महासंगणकाचा फिटर

आमची शाळा म्हणजे जिनिंगचे आवार. तेथे आम्ही एक धडा शिकलो. कपाशीचा धागा लांब की आखूड, हे पाहून फिटर रूळ आणि सुरी यांची जुळणी करतो. ती चुकली की सरकी फुटते, धागा तुटतो. यंत्र तेच, कापूस तोच, फरक जुळणीचा.

संगणकाचा इतिहास हेच सांगतो. आपल्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी १९४६ साली विजय भटकर जन्मले. महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेची बंधने होती. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला.

पण यंत्र उभे राहिले म्हणजे उत्तर मिळाले, असे नव्हे. हवामान काय, धरण काय, त्यांची गणिते अखेर आकड्यांच्या चौकटींवर, म्हणजे मॅट्रिक्सवर येतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून १९७९ साली ‘ब्लास’ व ‘लिनपॅक’ आणि १९९२ साली ‘लापॅक’ ही तयार गणितांची भांडारे निघाली. त्यांनाच लायब्ररी म्हणतात.

हजार ओळी व हजार रकाने असलेल्या दोन चौकटी गुणावयाच्या, तर साध्या रीतीने शंभर कोटी गुणाकार करावे लागतात. चौकटीचे तुकडे प्रोसेसरजवळच्या लहान पण जलद स्मृतीत मावतील असे पाडले, तर वेळ कित्येक पटींनी वाचतो. ही स्मृती प्रत्येक यंत्रात निराळी. म्हणून प्रोसेसर कोणता, कंपायलर कोणता, पूर्णांक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हे आधी ठरवावे लागते. मग लायब्ररी कंपाइल करावयाची. मुख्य आज्ञावलीने पूर्णांक ६४ बिटांचा धरला आणि लायब्ररीने ३२ बिटांचा, तर काम मध्येच कोसळते, किंवा निमूटपणे खोटे उत्तर येते. दुसरा प्रकार अधिक घातक; म्हणून शेवटी चाचण्या घेणे आलेच.

धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याचा जीव अशा चाचणीवर टांगलेला असतो. ती घेणाऱ्याचे नाव मात्र कोनशिलेवर नसते. भटकरांचा गौरव वऱ्हाडाने करावाच. आमचे मागणे एवढेच, की उत्तर बरोबर आले त्या दिवशी फिटरचीही हजेरी लागावी.