घारापुरी : खडक, वस्ती आणि हरवलेला शिलालेख

घारापुरीचा विचार प्रामुख्याने तेथील लेण्यांच्या अंगाने होतो. तथापि बेटाचा इतिहास त्याच्या खडकापासून सुरू होतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय लाव्हारसातून निर्माण झाला. वऱ्हाडातील काळी माती ज्या खडकाची झीज होऊन बनली, त्याच कुळातील खडकात येथील शिल्पे कोरलेली आहेत.

मुंबईच्या अपोलो बंदरावरून लाँचने सुमारे तासाभरात बेट गाठता येते. किनाऱ्याच्या खारफुटीत बगळे दिसतात. टेकडीवरील माकडांचे लक्ष प्रवाशांच्या पिशव्यांवर अधिक असते. मुख्य लेण्यात सुमारे २० फूट उंचीचा सदाशिव आहे.

हे लेणे कोणी कोरविले? पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये बेट ताब्यात घेतले. तेथील शिलालेख काढून पोर्तुगालला पाठविण्यात आल्याचे दियोगो दो कुतो या इतिहासकाराने नमूद केले आहे. तेथे तो वाचणारा कोणी मिळाला नाही आणि पुढे शिलालेखच हरवला. बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी व शिल्पशैली यांच्या आधारे बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य ग्राह्य मानतात. मात्र नाणे चलनाचा पुरावा देते, आश्रयदात्याचा नव्हे. म्हणूनच त्या एका शिलेचे हरवणे मूर्तिभंजनाइतकेच गंभीर ठरते.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो १८१४ मध्ये ढासळला. जोडलेल्या अवस्थेत तो आज भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा दर्जा लाभला. राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर येथील घरांत समुद्राखालील तारेने वीज पोहोचली ती २०१८ मध्ये.